रत्नागिरीत राहून फेरेटची साखर सांभाळताना

कोकणात फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) पाळणारी घरं फार नसतील. पण त्यातल्या कुणाच्या फेरेटचे मागचे पाय अचानक लुळे पडायला लागले, तर ते माणूस रात्री मोबाइल घेऊन बसणार आणि जे सापडेल ते सगळं परदेशातलं असणार. तिथली औषधं, तिथले डबे, तिथली हवा. आमच्या टिल्लू नावाच्या फेरेटला रक्तातली साखर खाली जाण्याचा आजार (इन्सुलिनोमा) आहे, त्याचा २०२५ मधला आमचा अनुभव अशा कुणासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खाली औषधाचं जे प्रमाण येईल ते आमच्या टिल्लूच्या वजनाचं आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे, ते उचलून वापरू नका.

टिल्लू मूळचा माझ्या भाच्याचा. भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना पिंजरा, खाण्याची पिशवी आणि एका बुटाच्या खोक्यात भरलेली 'पूरकं' आमच्याकडे ठेवून गेला. तेव्हा टिल्लू तीन वर्षांचा होता, आता पाच. आळीतल्या निम्म्या लोकांना तो मुंगूस वाटतो. मुंगूस पाळणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे 'वनखात्याला कळलं तर?' हे मी इतक्यांदा ऐकलंय की खरेदीची पावती मोबाइलमध्येच ठेवली आहे. फेरेट हा माणसाळलेला विदेशी प्राणी. २०२४ च्या नियमांप्रमाणे सायटिस (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले विदेशी प्राणी सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदवावे लागतात, पाळीव फेरेट त्या यादीत नाही. तरी प्रवासात पावती आणि डॉक्टरांचं पत्र जवळ असलेलं बरं. रस्त्यात अडवलंच, तर मुंगूस आणि फेरेट यांतला फरक समजावत बसायला वेळ नसतो.

मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा काहीतरी बिनसलंय असं वाटलं. सकाळी उठवलं की तो उठायचा, पण डोळे कुठेतरी भिंतीपलीकडे लागलेले. दोन मिनिटं तसाच. मग खाल्लं की पुन्हा पहिल्यासारखा. नंतर मागचा भाग फरशीवर घसटत चालायला लागला. उकाडा असेल असं आम्ही धरलं, कारण फेरेटला ३० अंशांच्या वर त्रास होतोच आणि आमच्याकडे मार्चमध्ये हवा दमट होऊन बसते. एसी चालू ठेवला. फरक पडला नाही. मग एके दिवशी तो तोंडाला पुढच्या पंजांनी ओरबाडायला लागला, घशात काही अडकल्यासारखं, आणि लाळ गळायला लागली. अडकलेलं काहीच नव्हतं. साखर खाली गेली की मळमळतं, त्यामुळे ते असं करतात, हे नंतर कळलं. ही तिन्ही लक्षणं (हरवलेली नजर, मागच्या पायांतली ताकद जाणं, तोंड ओरबाडणं) खाल्ल्यावर नाहीशी होत असतील तर उकाडा वगैरे समजून थांबू नका.

गावातल्या डॉक्टरांचा अनुभव गाईम्हशी आणि कुत्र्यांचा. केसपेपरवर 'जात' या रकान्यात काय लिहायचं इथपासून प्रश्न. शेवटी 'इतर' लिहिलं. पण डॉक्टर भला माणूस. 'मी आजवर फेरेट तपासलेला नाही' असं त्यांनी सरळ सांगितलं, पुण्यातल्या विदेशी पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून रक्त काढून दिलं. ते रक्त तपासायला मिळणं ही वेगळीच गोष्ट. माणसांच्या लॅबमध्ये प्राण्याचा नमुना सगळे घेत नाहीत. एका ठिकाणी घेतला, पण त्यांच्या संगणकाला नावाआधी काहीतरी हवंच होतं. रिपोर्ट आला तो 'मास्टर टिल्लू, वय ५, पुरुष' या नावाने. साखर ३८.

तो आकडा पाहून माझे हातपाय गळाले. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो नळीच्या टोपीच्या रंगाचा. लाल. आणि रक्त काढल्यापासून तपासेपर्यंत किती वेळ? तर दुपारभर. झालं असं की नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतलीच साखर खात राहतात. रक्त तसंच पडून राहिलं की आकडा आपोआप खाली येतो, आमच्याकडच्या उकाड्यात तर अजूनच. साखरेसाठी राखाडी टोपीची, फ्लोराइडवाली नळी लागते किंवा मग रक्तातल्या पेशी लगेच वेगळ्या कराव्या लागतात. तुम्हाला गावात चाचणी करायची असेल तर ही एक गोष्ट आधी विचारा. बाकी सगळं नंतर.

घरी सासूबाईंचं साखर मोजायचं मशीन आहे. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. 'अगो, माझं घे की, पट्ट्या पडल्यात पुष्कळ,' असं त्या म्हणाल्या. पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वापरा, पण माणसांची मशीन फेरेटच्या रक्तात खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतात. म्हणजे आकड्यावर विसंबून घाबरायचं नाही. चढतंय की उतरतंय एवढं त्यातून बघायचं, आणि नेहमी तेच मशीन वापरायचं. पंजाच्या गादीला टोचून थेंब काढणं मला आजही जमलेलं नाही, ते काम नवऱ्याचं.

पुण्याची वेळ मिळाली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, पुढे महामार्ग. गाडीने सात-आठ तास. उन्हाळ्यात फेरेटला घेऊन जायचं तर पहाटे चारला निघा, एसी बंद पडणार नाही अशी गाडी घ्या, आणि चादरीत गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे हवं तर तो टेकेल, नको तर सरकेल. मोठी अडचण वेगळीच होती. चाचणी उपाशीपोटी करायची, आणि उपाशी राहणं हेच तर त्याला धोक्याचं. मी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का असं विचारलं तेव्हा डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. फेरेटचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. माणसासारखं बारा तास उपाशी ठेवलं तर आजारी फेरेट दगावू शकतो. त्याला वाटेत खायला घालून आणायचं आणि उपास दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांदेखत, तीन-चार तासांचा. मध्येच मान टाकली तर तिथेच ग्लुकोजची सुई लावायची तयारी.

आकडा आला ५२. निरोगी फेरेटची उपाशीपोटी साखर साधारण ९० ते १२० च्या घरात असते. ६० च्या खाली आणि सोबत ही लक्षणं, म्हणजे जवळजवळ नक्कीच इन्सुलिनोमा. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ. फेरेटमध्ये तीन वर्षांच्या पुढे हा आजार इतका सर्रास दिसतो की डॉक्टरांनी नाव उच्चारताना आवाजही बदलला नाही. सोनोग्राफी केली, तीत काही दिसलं नाही. या गाठी बहुधा बारीक, कधी डाळीच्या दाण्याएवढ्या, सोनोग्राफीत हुकतात. इन्सुलिनची पातळी मोजायची चाचणीही असते, पण ती साधी आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही, म्हणून आम्ही ते पैसे वाचवले. त्या दिवसाचा दवाखान्याचा खर्च सगळा धरून साडेसहा हजारांच्या आसपास झाला, पेट्रोल आणि टोल वेगळे.

शस्त्रक्रियेचा पर्याय त्यांनी समजावून सांगितला. पोट उघडून हाताला लागतील त्या गाठी काढायच्या, जमलं तर स्वादुपिंडाचा थोडा भाग. तरुण आणि बाकी धडधाकट फेरेटला त्यातून जास्त काळ मिळतो. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी मागे राहतात आणि आजार बहुतेक वेळा परत येतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे दिवस पुण्यात काढायचे. आम्ही औषधांवर ठेवायचं ठरवलं. दुसऱ्या कुणी वेगळं ठरवलं तर त्यातही चूक नाही.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड. गाठीवर त्याचा काही परिणाम होत नाही. ते यकृताला साखर तयार करायला लावतं आणि शरीराला ती भराभर वापरू देत नाही, म्हणून रक्तात थोडी टिकते. टिल्लू ९५० ग्रॅमचा. सुरुवात अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. लहान मुलांचं पातळ औषध मिळतं, ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅमचं, त्यातलं अर्धा मिलिलिटर बिनसुईच्या छोट्या सिरिंजने गालाच्या आत. चिठ्ठीवर 'फेरेट' वाचून मेडिकलवाल्याने 'हे पेशंटचं आडनाव का?' असं विचारलं होतं, ते अजून घरात चालतं. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही आणि वेदनाशामकांच्या जोडीला द्यायचं नाही, पोटात व्रण होतात. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहून ठेवा. 'शुगर-फ्री' असं छापलेलं कुठलंही औषध घेण्याआधी त्यात झायलिटॉल आहे का ते वाचा. कुत्र्यांमध्ये त्याने इन्सुलिन उसळून साखर कोसळते, फेरेटच्या वाऱ्यालाही ते नको असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं. प्रेडनिसोलोन पुरेनासं झालं तर डायझॉक्साइड नावाचं दुसरं औषध असतं, ते गाठीतून इन्सुलिन सुटणंच रोखतं. महाग आहे आणि आमच्या मेडिकलवाल्याला मागवावं लागणार आहे. अजून ती वेळ आलेली नाही.

आता ते बुटाचं खोकं. मी ते जसंच्या तसं पुण्याला नेलं होतं. प्रत्येक वस्तू टेबलावर मांडून विचारायची असं ठरवूनच. तुम्हीही न्या, तोंडी सांगू नका, लेबल डॉक्टरांना दाखवा.

पहिली निघाली ती ताकदीच्या पेस्टची नळी. घटकांमध्ये अगदी पुढेच माल्टचा पाक आणि मक्याचा पाक. ती रोजच्या खाण्यातून गेली. इथे घरी सगळ्यांचा गोंधळ उडाला, आणि तो उडणं साहजिक आहे. साखर कमी पडते ना, मग गोड का नको? कारण त्या गाठींना गोड दिसायचाच अवकाश असतो. साखर झपकन वर गेली की त्या इन्सुलिनचा लोंढा सोडतात आणि अर्ध्या-पाऊण तासात साखर आधीपेक्षा खाली. म्हणून केळं, बेदाणे, पोळीचा तुकडा, दूधभात, सगळं बंद. मांसातली प्रथिनं आणि चरबी सावकाश इंधन देतात, गाठींना डिवचत नाहीत.

दुसरी माशाच्या तेलाची बाटली. हिला हरकत नव्हती. दोन-चार थेंब, औषध घेताना लाच म्हणून. भाच्याच्या खोक्यातल्या दुसऱ्या एका तेलात अ जीवनसत्त्व वरून घातलेलं होतं. ते शरीरात साठतं, म्हणून दोन्ही तेलं एकदम नकोत.

तिसऱ्या होत्या क्रोमियम या खनिजाच्या कॅप्सूल, माणसांच्या, २०० मायक्रोग्रॅमच्या, आणि चौथा ब्रूअर्स यीस्टचा डबा, ज्यात क्रोमियम असतं. फेरेट पाळणाऱ्यांत याची फार चर्चा असते, 'साखर स्थिर राहते' म्हणून. डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला: क्रोमियम काय करतं म्हणतात? इन्सुलिनचं काम सोपं करतं. आणि याच्या अंगात इन्सुलिन आधीच कसं आहे? उतू जातंय. मग ते अजून कामाला लावून काय मिळवायचं? फेरेटच्या इन्सुलिनोमावर क्रोमियमचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. यीस्ट चवीपुरतं चालेल, पण उपचार म्हणून नाही. कॅप्सूल मात्र अजिबात नाही, एवढ्याशा जिवाला माणसाचा डोस म्हणजे काय होतं ते कुणी मोजलेलं नाही. मला हे पटलं, आणि तेव्हापासून कुठलंही पूरक समोर आलं की मी हाच प्रश्न विचारते. हे इन्सुलिनला जोर देणार का? देणार असेल तर आमच्या घरात ते फक्त सासूबाईंच्या कपाटात.

कारण त्यांचं कपाटही या यादीत होतंच. जांभळाच्या बियांची पूड, मेथी, कारल्याचा रस. घरी येणाऱ्या प्रत्येकाने 'साखरेचा त्रास' एवढंच ऐकून यातलं काहीतरी सुचवलं. एका काकांनी तर कारल्याच्या रसाची बाटलीच आणून दिली. या सगळ्या गोष्टी साखर खाली आणण्यासाठी घेतात. टिल्लूला त्या देणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर हात ठेवणं. घरात मधुमेही माणूस आणि असा फेरेट दोघेही असतील तर डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि त्यासोबत विजेचे खेळ सुरू झाले. जूनमधल्या एका रात्री वीज नव्हती. दोनचं खाणं मी अंधारात वाटीत घालून ठेवलं, पण त्याने खाल्लं की नाही ते बघितलं गेलं नाही. पहाटे पिंजऱ्यातून खडखड ऐकू आली. टॉर्च मारला तर टिल्लू आडवा, पाय ताठ, डोके मागे, अंगाला झटके. ह्या प्रसंगाची तालीम डॉक्टरांनी करून घेतली होती म्हणून हात चालले. तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. बोट घालायचं नाही, झटक्यात चावा बसला तर हाडापर्यंत जातो. कापसाच्या काडीवर मध घेऊन ओठ वर करून हिरड्यांना चोळायचा, थोडा थोडा. नवरा टॉर्च धरून, मी चोळते आहे, आणि सासूबाई दारात उभ्या राहून मोठ्याने घड्याळ वाचतायत. काही मिनिटांनी झटके थांबले. मग त्याने मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. ती यायला अजून थोडा वेळ गेला.

इथे 'चला, उठला' म्हणून झोपायला गेलं तर घात. मधाची साखर चढली की गाठी जाग्या होणार. गिळता यायला लागल्याबरोबर गॅसवर कोमट केलेलं चिकनचं सूप सिरिंजने, थेंब थेंब, मग वाटीतून. पुढचे चार तास दर तासाने थोडं थोडं. सकाळी फोन केल्यावर औषध वाढवलं, पाऊण मिलिग्रॅम दोनदा. मधाची छोटी बाटली आणि कापसाच्या काड्या आता पिंजऱ्यालाच बांधलेल्या असतात. मधाने पाच-दहा मिनिटांत फरक पडला नाही तर गावातल्या डॉक्टरांकडे न्यायचं, शिरेतून ग्लुकोज द्यायला. तसं पत्र पुण्याहून आणून मी त्यांच्याकडे देऊन ठेवलंय, म्हणजे रात्री-अपरात्री समजावत बसायला नको.

सूप असं: चिकन कातडीसकट, सोबत कोंबडीचं हृदय आणि थोडी कलेजी, बिनमिठाचं पाण्यात शिजवायचं. हाडं काढून मिक्सरला. एखादं अंड्याचं पिवळं. कांदा, लसूण, हळद, तांदूळ, काही नाही. हृदयाच्या मांसात टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य असतं म्हणून ते चुकवायचं नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं, एका वेळी दोन वड्या. सोबत मांजराच्या पिल्लांचं बिनधान्याचं कोरडं खाणं सतत समोर, कारण निव्वळ घरचं चिकन पुरं पडत नाही, कॅल्शियम कमी पडतं. दर चार तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, रात्रीसुद्धा. बांगडा मागतो तो, पण कच्ची मासळी रोज घातली तर थायामिन (ब१ जीवनसत्त्व) कमी पडतं, म्हणून कधीतरी उकडलेला तुकडा, बस.

पण हे सगळं श्रावणात आणि गणपतीत कसं करायचं? आमच्याकडे गणपती पाच दिवस. देव घरात असताना चिकन शिजवणं सोडाच, फ्रीजमध्ये ठेवणंही आजवर झालेलं नाही. मी हा विषय काढायलाच घाबरत होते. शेवटी सासूबाईंनीच काढला. 'खातो तो औषध म्हणून खातो. पण माझ्या फ्रीजात नको,' असं म्हणून त्यांनीच शेजारच्या भाभींशी बोलून ठेवलं. चतुर्थीच्या आधी दोन ट्रे वड्या भाभींच्या फ्रीजरमध्ये गेल्या. मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळं भांडं, वेगळा चमचा, टिल्लूचा पिंजराही तिथेच. भाभींचा मुलगा दर चार तासांनी कुंपणावरून डबा द्यायचा, आरतीच्या वेळीसुद्धा. पाच दिवसांत एकही वेळ चुकली नाही.

महिन्याचा खर्च सध्या साडेतीन हजारांच्या आत आहे, त्यातलं औषध शंभर-सव्वाशेचं, बाकी चिकन आणि कोरडं खाणं. एसीचं बिल मी यात धरत नाही, ते मार्च ते मे वेगळंच दुखणं आहे. औषधाने पोट जरा सुटलंय, शेपटीवरचे केस विरळ झालेत. खेळतो, पण लवकर दमतो. पुढे औषध अजून वाढत जाणार आणि कधीतरी पुरणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढची तपासणी दिवाळीनंतर. वेळ सकाळी अकराची मिळाली आहे, म्हणजे घाट अंधारात उतरायला नको. खोकं यावेळी न्यायचं नाहीये, त्यात आता फक्त माशाचं तेल उरलंय. रात्री दोनला गजर लावायचा असेल तर एकाच माणसाच्या मोबाइलवर लावू नका.